दिवाळीत लावा, होळीला काढा: कुंडीतला लसूण

नमस्कार मंडळी! ऑक्टोबरचा उकाडा ओसरून पहाटे पांघरूण ओढावंसं वाटायला लागलं, की लसूण लावायचा. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा या पट्ट्यात 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर हा त्याचा महिना. तेव्हा लावलेला लसूण फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये निघतो.

तारखेवर एवढा जोर का, ते आधी सांगतो. थंडीत, दिवस लहान असताना लसूण फक्त पात वाढवतो. जानेवारीनंतर दिवस मोठा होतो, ऊन तापतं, मग नवीन पानं यायची थांबतात आणि गड्डा भरायला लागतो. तोपर्यंत झाडाला जेवढी पानं आली असतील, त्या मानानेच गड्डा होणार. डिसेंबरअखेर लावलात तर चार-पाच पानांवरच ऊन गाठतं, आणि हाती येते एकाच पाकळीची गोटी. घाई करून सप्टेंबरात लावलात तर ओल्या, गरम मातीत पाकळ्या कुजतात.

आता बियाणं. निम्मे लोक इथेच फसतात. (दोन गड्डे समोर धरून) हा मोठ्ठा, जाड पाकळ्यांचा डोंगरी लसूण दिसायला छान आहे, पण लावू नका. त्याला गड्डा धरायला लांब थंडी आणि आपल्यापेक्षा बराच मोठा दिवस लागतो. आपल्याकडे त्याची पात जोमाने वाढते, खाली मात्र काही धरत नाही. हा दुसरा, मध्यम आकाराचा, पंधरा-वीस पाकळ्यांचा गावठी लसूण घ्या. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती मिळाल्या तर उत्तमच. फ्रिजमध्ये ठेवलेला लसूण बियाण्याला घेऊ नका. थंडी खाल्लेल्या पाकळीच्या झाडाला पुढे बाजूने कोंब फुटतात आणि गड्डा वेडावाकडा होतो.

गड्डा लावायच्या दिवशीच फोडा. बाहेरच्या जाड पाकळ्या गड्ड्यासाठी, मधल्या बारीक पाकळ्या वेगळ्या ठेवा, त्यांचं काम पुढे आहे. साल काढायचं नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (कुज रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर कालवून पाकळ्या दहा मिनिटं बुडवा आणि सावलीत निथळू द्या.

कुंडी खोल नसली तरी चालते, 20 सेंटिमीटर पुरे. रुंदी हवी. भाजीचा क्रेट आतून शेडनेट लावून वापरा. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि क्रेटमागे दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती घेऊ नका, ती आवळते आणि गड्डा फुगायला जागा राहत नाही. शेणखत कच्चं असेल तर त्याच्या उष्णतेने मुळं जळतात.

(जवळून: पाकळी) बूड खाली, टोक वर. दोन ओळींत 15 सेंटिमीटर, दोन पाकळ्यांत 10 सेंटिमीटर अंतर, वर फक्त दोन सेंटिमीटर माती. पाकळी उलटी गेली तर कोंब वळसा घेऊन वर येतो आणि मान वाकडी होते. साधारण 50 बाय 35 सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये तीन ओळींत 15 पाकळ्या बसतात. दाटी केलीत तर सगळेच गड्डे बारीक राहतील.

लगेच झारीने पाणी द्या आणि वर वाळक्या पाल्याचा पातळ थर पसरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पुढे बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. जागा निवडताना एक लक्षात घ्या: डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे गच्चीच्या दक्षिण कठड्याची सावली लांब पडते. क्रेट तिथून दूर ठेवा. लसणाला रोज सहा तास ऊन हवंच.

खताचा हिशेब चोख ठेवा. तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी क्रेटमागे दोन मुठी गांडूळखत, बस्स. साठ दिवसांनंतर युरिया किंवा शेणाची स्लरी अजिबात नको. त्या वेळी नत्र मिळालं की झाड पुन्हा पानांच्या मागे लागतं, पाकळ्यांना गड्ड्यातच कोंब येतात, मान जाड राहते आणि असा लसूण टिकत नाही. साठाव्या आणि पंचाहत्तराव्या दिवशी 0-0-50 हे खत लिटरला 5 ग्रॅम घेऊन फवारा. त्यात पालाशबरोबर (पोटॅशबरोबर) गंधकही असतं, आणि लसणाचा उग्र वास गंधकामुळेच येतो.

जानेवारी-फेब्रुवारीत पानांवर चंदेरी रेघा दिसल्या तर ते फुलकिडे. ते पानांच्या बेचक्यात लपतात, तेव्हा फवारा तिथेच पोहोचला पाहिजे: लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. ढगाळ हवेत जांभळट डाग पडले तर तो करपा. ती पानं काढून टाका आणि पाणी सकाळी, बुडाशीच द्या.

पात खुडायचा मोह होतोच. पण प्रत्येक खुडलेलं पान गड्ड्यातून वजा होतं. म्हणून त्या बारीक पाकळ्या! त्या छोट्या कुंडीत तीन-तीन सेंटिमीटरवर दाट लावा, आणि महिन्याभराने चटणीला, पिठल्याला हवी तेवढी पात तिथून कापा.

साधारण 120 ते 135 दिवसांनी खालची पानं वाळतात, माना पडायला लागतात. काढणीच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडा. आधी एकच गड्डा उपटून बघा: पाकळ्या बाहेरून हाताला लागल्या आणि साल कागदासारखं झालं असेल तर सगळे काढा. उशीर केला तर साल फाटून पाकळ्या सुट्या होतात. पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवा. धुवू नका, पात कापू नका, तिची जुडी बांधून टांगा. सगळ्यात भरलेले दोन-तीन गड्डे वेगळे टांगून त्यावर चिठ्ठी लावा, ते पुढच्या दिवाळीचं बियाणं.