फीच्या बोर्डावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची पहिली यादी लागली होती. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक मावशी मुलीला घेऊन कॉलेजच्या कार्यालयात आल्या. मावशी घरी विड्या वळतात. मुलीला कॉम्प्युटरची सीट लागलेली. मावशींनी बोर्डावरची फी वाचली, एक लाख दहा हजार, आणि मुलीला म्हणाल्या, "चल गं. बीएस्सीला घालू तुला." मुलीनं हातातला कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दोघी जिन्याकडे वळल्या.

मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसायचो. नोकरीची बहुतेक वर्षं माझी त्याच टेबलावर गेली. उठून हाक मारली म्हणून त्या थांबल्या. ज्यांना कुणी हाक मारली नाही, अशी किती माणसं त्या बोर्डावरूनच परत गेली असतील, हा विचार मला आजही सोडत नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलायला आलो आहे.

बोर्डावरचा आकडा म्हणजे तुम्हाला भरायची रक्कम, असं समजू नका. त्या आकड्याच्या पोटात वेगवेगळ्या रकमा असतात. मोठा भाग शिक्षण शुल्काचा, म्हणजे ट्यूशन फीचा. मग विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि इतर किरकोळ बाबी. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यामुळे ही फोड कॉलेजकडे असतेच. ती मागा. "साहेब, यात ट्यूशन किती?" एवढं विचारायला संकोच कसला?

आता त्या मुलीचं बघा. वर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी आत, प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ओबीसी, ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी म्हणजे सामाजिक व शैक्षणिक मागास, या तिन्ही गटांतल्या मुलींना आधी निम्मंच मिळायचं. मावशींना सांगितलं, तुम्हाला एक लाख दहा हजार भरायचे नाहीत, विकास शुल्क आणि किरकोळ धरून दहा-बारा हजारांची सोय करा. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना ओ सर?"

एक अट मात्र नीट ऐका. प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंटच्या कोट्यातून सीट घेतली की हा लाभ गेला. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या योजनेच्या बाहेर आहेत. कॉलेजांची पसंती लिहायचा ऑप्शन फॉर्म भरण्याच्या वेळीच हे लक्षात ठेवा.

मुलांनीही निराश होऊ नये. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मी ट्यूशन फी मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी आहे. आणि आपल्या सोलापूरकरांसाठी मुद्दाम सांगतो: पद्मशाली, कोष्टी, साळी हे आपले विणकर समाज विशेष मागास प्रवर्गात येतात, आणि या प्रवर्गाला शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत मुली-मुलगे असा भेद न करता आधीपासून आहे. मागावर काम करणाऱ्या कित्येक बापांना हे माहीत नसतं.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. पहिलीपासून सुरू होते, वर्षाला एक हजारापासून व्यावसायिक पदवीला पंचवीस हजारांपर्यंत. ती महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मिळत नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावी लागते, आणि आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. मात्र ती घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. म्हणून आधी बेरीज करा. इंजिनिअरिंगच्या मुलीला ट्यूशन माफी घेणंच परवडतं. अकरावी-बारावीच्या किंवा आयटीआयच्या भावंडासाठी विडीची शिष्यवृत्ती घ्या. घरात गवंडीकाम, सेंट्रिंग करणारं कुणी असेल आणि त्यांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असेल, तर मंडळ मुलांच्या इंजिनिअरिंगला वर्षाला साठ हजार आणि मेडिकलला एक लाख देतं. नोंदणी जिवंत असली पाहिजे, दरवर्षी नूतनीकरण करून.

आता कागदांकडे येतो, कारण पैसा इथंच अडतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. नवीन दाखला एप्रिल-मेमध्येच काढा. जूनच्या शेवटी आषाढी वारी जवळ आली की आपल्या जिल्ह्यातली महसुलाची बरीच माणसं पंढरपूरच्या कामात गुंततात, आणि नेमकी तेव्हाच प्रवेशाची घाई सुरू होते. सेवा केंद्रासमोरच्या त्या रांगा मी पाहिल्या आहेत. जात वैधता लागणार असेल तर अकरावीतच अर्ज टाका. अधिवास, नॉन क्रिमीलेयर, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ आपल्याकडे फार. घरात तेलुगू किंवा कानडी, शाळा मराठी, आडनाव आधारवर एका तऱ्हेनं आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसऱ्या तऱ्हेनं. पोर्टलला ते दोन वेगळे माणूस वाटतात. मार्कशीटप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या, आणि तेही फॉर्म भरण्याच्या आधी.

अर्ज नेटकॅफेत भरायला हरकत नाही. पण मोबाइल नंबर तुमचा द्या. युजर आयडी, पासवर्ड तुमच्या वहीत लिहून घ्या. माझ्या टेबलावर येणाऱ्या मुलांना मी सांगायचो, "लॉगिन कर." पाचातला एक तरी म्हणायचा, "सर, ते कॅफेवाल्याला माहीत." अर्जात त्रुटी निघाली की तो परत विद्यार्थ्याच्या लॉगिनला येतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. मेसेज जातो कॅफेवाल्याच्या नंबरवर. त्याच्याकडे शंभर मुलांचे अर्ज. मुलगा घरी निवांत, आपला फॉर्म भरून झालाय म्हणून. मुदत संपते, आणि पुढच्या वर्षी कॉलेज मागची फी मागतं तेव्हा घरात समजतं.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झालं, हे मनातून काढून टाका. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे जातो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठे पोचला ते बघायचं. एका टेबलावर महिनाभर पडून असेल तर त्या टेबलापुढे जाऊन उभं राहायचं. नम्रपणे, पण उभं राहायचं. टेबलामागं बसलेला माणूस म्हणून सांगतो, विचारायला येणाऱ्या मुलाचा अर्ज आधी हातात घेतला जातो. असं होऊ नये, पण होतं.

आणि बँक. "सर, आधार लिंक आहे" असं सगळेच सांगतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे अनुदान त्या खात्यात येतं असं नाही. सरकारी पैसा ज्या बँकेशी आधार शेवटचं जोडलं गेलं, म्हणजे सीडिंग झालं, तिथंच जातो. एका मुलानं मोबाइलवरून झिरो बॅलन्सचं एक खातं सहज उघडलं होतं, पुढं तो ते विसरूनही गेला. शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडली. इकडे तो आठ महिने जुनं पासबुक भरून आणत होता. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, आज रात्री एवढं तरी तपासा. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरचं हवं, वडिलांचं चालत नाही. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो, त्यातली फी त्यानं कॉलेजला भरायची असते. तो पैसा घरखर्चात वळता करू नका, नाहीतर परीक्षेच्या तोंडावर अडचण होते.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज घ्या, सावकाराकडे जाऊ नका. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. हप्ते शिक्षण संपून एक वर्षानंतर सुरू होतात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण अर्जातच तसं मागावं लागतं, बँकेतला माणूस आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

हे सगळं दरवर्षी पुन्हा करायचं असतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज लागतो. विड्या वळणाऱ्या त्या मावशींची मुलगी पुढच्या वर्षी एकटीच आली होती. फाइल काखेत, वहीत युजर आयडी, पासवर्ड, आणि नवा उत्पन्नाचा दाखला मे महिन्याच्या तारखेचा. तिच्यामागे रांगेत तिच्याच गल्लीतल्या दोघी होत्या. त्यांचे फॉर्म तिनं आदल्या रात्री आपल्या मोबाइलवर भरून दिले होते.

नमस्कार.