'बॉक्स गेला' म्हणण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. बारा-चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने घेतलेली आणि आता दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेली आलिशान एसयूव्ही पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या आवारात उभी दिसते. तिच्या मालकाला सर्वांत जास्त धास्ती असते ती एका छोट्या वाक्याची: "साहेब, बॉक्स गेला, उतरवावा लागेल." बॉक्स म्हणजे अर्थातच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हे वाक्य कधी कधी खरे असते. परंतु ते तपासणीच्या शेवटी यायला हवे, आणि पुष्कळदा ते बॉनेट उघडण्याआधीच येते, एवढीच माझी तक्रार आहे.

माझा मामेभाऊ कोथरूडहून चांदणी चौकमार्गे रोज हिंजवडीला जातो. सकाळी निघताना त्याची गाडी अगदी शहाण्यासारखी वागे. पण वीसेक मिनिटांनी, बाह्यवळण मार्गावर वेग ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान स्थिर असताना आणि ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला असताना, गाडीला बारीक थरथर सुटे, जणू रम्बलरच्या पट्ट्यांवरून चालली आहे. एका गॅरेजने इंजिनाची माउंटिंग, म्हणजे ते ज्यांवर टेकते ते रबरी आधार, बदलली, दुसऱ्याने बॉक्स उतरवण्याचा अंदाजखर्च हाती ठेवला. थरथर गाडी थंड असताना होते की तापल्यावर, चढावर होते की सपाटीवर, पाय दाबल्यावर वाढते की थांबते, हे मात्र दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

या प्रश्नांची उत्तरे का महत्त्वाची, हे समजण्यासाठी थोडी रचना पाहू. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि तो ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे पोचवतो. तेलातून पोचवताना काही ताकद वाया जाते, म्हणून स्थिर वेगात त्याच्या आतला एक क्लच दोन्ही बाजू एकत्र धरतो. त्याला लॉकअप म्हणतात. तेल जुने होऊन त्यातली घर्षण सांभाळणारी रसायने संपली, की हा क्लच नीट धरतही नाही आणि नीट सोडतही नाही, आणि बाहेर आपल्याला ती थरथर जाणवते. याची खूण सोपी आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसताना, वेग तसाच ठेवून ब्रेकच्या पेडलला दिवा लागेल इतपतच स्पर्श करावा. ब्रेकचा संकेत मिळताच बॉक्स चालवणारा गाडीतला संगणक लॉकअप सोडतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर संशय माउंटिंगवरून उठून कन्व्हर्टरवर येतो. मामेभावाच्या गाडीची थरथर थांबली.

त्यानंतर तेल. अनेक आधुनिक बॉक्सना डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, नसतेच, आणि त्यामुळे तेल बघायचेच नसते असा समज रूढ झाला आहे. त्यातच काही कंपन्यांनी "तेल आयुष्यभर पुरते" असे लिहून ठेवले. जर्मनीतली झेडएफ ही कंपनी स्वतः असे बॉक्स बनवते. बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरच्या अनेक एसयूव्हींत तिचा सहा गिअरचा बॉक्स आहे. ती मात्र साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी तेल बदला असे सांगते. मी बॉक्स बनवणाऱ्यावर विश्वास ठेवीन. या बॉक्समधल्या तेलाची पातळी पाहताना गाडी सपाट हवी, इंजिन चालू हवे, लिव्हर सर्व स्थितींतून एकदा फिरवलेला हवा आणि तेलाचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान हवे. गरम तेल फुगते, म्हणून घाट चढून आलेल्या गाडीची पातळी तिथल्या तिथे पाहिली, तर तेल पुरेसे आहे असा खोटा दिलासा मिळतो. तेल काळपट असेल तर ते म्हातारे झाले आहे. जळका वास आला तर क्लचच्या पट्ट्या भाजल्या आहेत. आणि ते गुलाबी मिल्कशेकसारखे दिसले, तर तेल थंड करणाऱ्या कूलरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत शिरले आहे. अशा वेळी इंजिन लगेच बंद करावे, कारण कूलंट क्लचच्या अस्तराचा चिकटा सोडवतो.

दुसरी तक्रार कात्रजच्या चढावर ऐकू येते. गाडी एकाएकी एकाच गिअरमध्ये अडकते, पिकअप जातो, आणि बंद करून पुन्हा चालू केली की काही झालेच नाही अशा थाटात धावू लागते. याला लिंप मोड म्हणतात. संगणकाला एखाद्या सेन्सरची खबर पटत नाही, म्हणून तो बॉक्सला जपतो. नुसत्या यांत्रिक झिजेचा दोष सहसा असा किल्ली फिरवल्याने नाहीसा होत नाही, म्हणून इथे आधी वायरिंग, तेल झिरपलेले कनेक्टर, गतीचे सेन्सर, आणि सर्वांत आधी बॅटरी पाहावी. दुबळ्या बॅटरीमुळे गिअरचे खोटे दोष उमटलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरवर येणारा पी ०७०० हा कोड एवढेच सांगतो की तक्रार बॉक्सच्या संगणकात नोंदली आहे. ती वाचायला त्या गाडीला जुळणारे उपकरण लागते.

वळणावर हळू जाताना गाडी अडखळत असेल तर टायर पाहा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, तर ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, येतो आणि बदनाम बॉक्स होतो.

मामेभावाच्या गाडीचे तेल आणि फिल्टर बदलले. कन्व्हर्टरमध्ये बरेच जुने तेल उरते, म्हणून काही आठवड्यांनी तेल पुन्हा बदलले आणि संगणकाने शिकलेल्या जुन्या सवयी पुसून टाकल्या. थरथर बरीच गेली. भर दुपारच्या रहदारीत अजून क्वचित जाणवते, हे मी लपवणार नाही. बॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उघडताना तो स्वतः गॅरेजमध्ये उभा होता. झिजेचे कण धरायला पॅनमध्ये असलेल्या चुंबकावर बारीक करडा लेप होता, आणि तो वयाला साजेसा असतो. चमकणारे धातूचे कण किंवा अस्तराचे तुकडे निघाले असते आणि त्या जोडीला गाडी प्रत्येक गिअरमध्ये घसरत असती, तर मीही त्याला बॉक्स उतरवायलाच सांगितले असते.