नाल्यापलीकडच्या बाळंतिणी

नमस्कार श्रोतेहो. बाळंतपण, पाळणा लांबवणं, पाळीच्या तक्रारी यांची कामं पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांमध्ये नेतृत्व कसं तयार होतं, हा आजचा विषय. त्यासाठी तुम्हाला बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नेते.

तिथल्या सिस्टरनं पावसाळ्याच्या तोंडावर बैठक बोलावली. आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि गावातला जीपवाला. पहिला प्रश्न जीपवाल्याला, ‘दादा, पावसात गाडी कुठं अडते?’ तो म्हणाला, ‘नाल्यापाशी. पाणी चढलं की मी अलीकडं, बाळंतीण पलीकडं.’ इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं! सिस्टरनं भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर पसरलं. पलीकडच्या एकेका गरोदर बाईची तारीख लाल पेनानं खुणावली. ठरलं, दोन आठवडे आधी बाईनं अलीकडच्या पाहुण्यांकडं यायचं.

एक सासूबाई अडून बसल्या. ‘आमची बाळंतपणं काय दवाखान्यात झाली काय?’ सिस्टर म्हणाली, ‘मावशी, तुम्हीच चला सोबत. सुनेचं पथ्यपाणी तुमच्याशिवाय कोण बघणार?’ मावशी तांदळाचं गाठोडं घेऊन हजर! पुढं दवाखान्यात सून बाळंत झाली आणि रक्तस्राव सुरू झाला. सिस्टर उशाशी होती, औषध हाताशी होतं. रक्त थांबलं. नाला त्या रात्री दुथडी वाहत होता.

पथ्यपाण्यावरून सांगते, बाळंतिणीला पाणी तोडायची रीत आता सोडा हो. अंगावर पाजणारी बाई ती, तिला पोटभर पाणी द्या.

तर आधी विचारायचं, मग ठरवायचं. पुन्हा सांगते, आधी विचारायचं. आणि नर्सवर भरवसा टाकायचा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर अभ्यास झाला. बाळंतपण झाल्या झाल्या नर्सनं मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या, त्या बायकांत जादा रक्तस्राव ६.४ टक्के, तुलनेसाठी औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्यांत १२ टक्के. जवळजवळ निम्मा! औषध नर्सच्याच हातून गेलं होतं.

म्हणून प्रशिक्षणात तिला बैठक चालवायला शिकवा, औषधसाठा संपायच्या आत मागणी लावायला शिकवा, तिच्या केंद्राचे आकडे आधी तिच्यापुढं ठेवा. आणि हे शिकवणं मराठी-कन्नड दोन्हींत होऊ दे. तपासणीच्या रांगेत दोन्ही बोलणाऱ्या बायका शेजारी-शेजारीच बसलेल्या असतात.