फाइल कोणी उघडली?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

'रुग्णमाहितीची सुरक्षा आणि कायद्याचे पालन' असा आजचा जाहीर विषय आहे आणि त्यातील सुरक्षेच्या तांत्रिक बाजूकडे मी वेळेत येईन, असे संयोजकांना कबूल करून बसलो आहे. त्याआधी मात्र कित्येक वर्षे मनात घोळत असलेली एक गोष्ट मला मांडू द्या. रुग्णाची माहिती कोणाला दिसू नये, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ती कोणी पाहिली, हे नंतर सांगता आले पाहिजे, याची चर्चा जवळजवळ होत नाही. मला हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा वाटतो.

मी उमेदवारीच्या काळात ज्या दवाखान्यात होतो, तेथे संगणकावर सर्वांसाठी एकच लॉगिन होते. स्वागतकक्षातील मंडळी, परिचारिका, हिशेबनीस आणि आम्ही डॉक्टर, सगळे त्याच एका नावाने आत शिरत असू. पासवर्ड कीबोर्डच्या पाठीवर चिकटवलेला होता, आणि कीबोर्ड बदलला तेव्हा ती चिठ्ठीही मोठ्या जबाबदारीने नव्या कीबोर्डवर हलवण्यात आली. (ज्यांना आत्ता हसू आले, त्यांच्याकडे चिठ्ठी कुठे लावलेली आहे हे मी विचारणार नाही.) व्यवस्था सोयीची होती, हे मान्य केले पाहिजे, बाहेर रांग लागलेली असताना माणूस बदलला की लॉगिन बदला, असे सांगणारा कोणालाच आवडत नाही.

एके दिवशी एक रुग्ण बाई आल्या. त्यांनी घरातही कोणाला न सांगितलेल्या एका तपासणीचा निष्कर्ष नातेवाइकांपर्यंत पोहोचला होता. त्यांनी आवाज चढवला नाही, तक्रारीचा कागदही आणला नाही, शांतपणे एवढेच विचारले, "माझी फाइल कोणी उघडली?" वरिष्ठांनी लगेच प्रणालीतील नोंद काढायला लावली. नोंद अगदी चोख होती. प्रत्येक वेळी फाइल किती वाजून किती मिनिटांनी उघडली, सारे त्यात होते, फक्त प्रत्येक ओळीत नाव एकच होते: 'रिसेप्शन'. आम्ही सगळे त्या पडद्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. पुढे काही आठवड्यांनी, जिच्याविषयी दबक्या आवाजात बोलले जात होते, त्या स्वागतकक्षातील मुलीनेही काम सोडले. तिने काही केले होते की नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही, आणि माझी खरी तक्रार नेमकी हीच आहे. सामायिक पासवर्डमुळे दोषी माणूस तर लपतोच, पण निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व दाखवण्याचा मार्गही उरत नाही.

ही माझी वैयक्तिक चीड आहे असे कोणास वाटल्यास त्यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा 17 जुलै 2008 चा 'आय विरुद्ध फिनलंड' हा निकाल पाहावा. एचआयव्हीबाधित असलेली एक परिचारिका ज्या सार्वजनिक रुग्णालयात काम करत होती, तेथेच उपचार घेत होती, आणि सहकाऱ्यांनी आपली नोंद पाहिली असावी असा तिला संशय होता. रुग्णालयाच्या प्रणालीत फक्त शेवटच्या पाच वेळांची नोंद राहत असे, तीही व्यक्तीच्या नावाने नव्हे तर विभागाच्या नावाने. पुरावा नसल्यामुळे फिनलंडमधील न्यायालयांत ती हरली. मानवाधिकार न्यायालयाने मात्र खाजगी जीवनाच्या हक्काचा, म्हणजे कलम 8 चा, भंग झाल्याचा निर्णय दिला. नोंदी नीट न ठेवता पुराव्याचा भार रुग्णावर टाकणे त्याला मान्य नव्हते. पाच नोंदी आणि विभागाचे नाव! आमच्या 'रिसेप्शन'चे जुळे भावंडच म्हणायचे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे आणि तिच्यावर 'पाच मिनिटे' असे लिहिले आहे. तेव्हा कबूल केलेला भाग आता भरभर सांगतो. अमेरिकेतील 'हिपा' या रुग्णमाहितीविषयीच्या कायद्याखालील सुरक्षानियम प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र ओळख देणे बंधनकारक करतो आणि कोणी काय पाहिले याची नोंद ठेवायला लावतो. युरोपच्या 'जीडीपीआर' या माहितीसंरक्षण कायद्यानुसार माहिती फुटल्याचे कळल्यापासून शक्यतो 72 तासांत नियामकाला कळवावे लागते. फुटले कोठून हेच न कळणाऱ्या दवाखान्याने त्या तासांत काय लिहावे, याची कल्पना आपणच करा.

बाहेरच्या हल्ल्यांचेही तसेच आहे. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील हजारो भेटी रद्द करायला लावल्या, तेव्हा तो सॉफ्टवेअरच्या ज्या भगदाडातून शिरला त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ते लावायचे राहून गेले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेतील 'चेंज हेल्थकेअर' या आरोग्यक्षेत्रातील कंपनीच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले ते चोरलेल्या लॉगिनने, आणि ज्या दारातून शिरले तेथे पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती.

म्हणून स्वतंत्र लॉगिन, दुहेरी पडताळणी, वेळेवर अद्ययावत केलेली यंत्रे, सांकेतिक रूपात साठवलेली माहिती, तिची मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवलेली आणि अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहिलेली प्रत, आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे, इतके करावे. यातील प्रत्येकावर एक तास बोलता येईल, पण चिठ्ठी दुसऱ्यांदा आली आहे. प्रश्न असल्यास आपण बाहेर बोलू. आपल्या दवाखान्यातील गेल्या आठवड्याची नोंद कोणाला पाहायची झाली तर ती कोठे सापडते, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी यावे.