इंग्रजीतला 'मी' आणि आपला मी

नमस्कार. रावेर तालुक्यात केळीचा व्यापार करणाऱ्या माझ्या मावसभावाने मागच्या आठवड्यात मला मोबाइलवर एक ईमेल दाखवला. तो आखाती देशातल्या एका खरेदीदाराला पाठवायचा होता आणि त्याचे शेवटचे वाक्य होते, "प्लीज कॉल माय ब्रदर ऑर आय." मी म्हणालो, "भाऊ, इथे 'आय' नको, 'मी' हवे." तो म्हणाला, "शाळेत 'मी' लिहिले की छडी बसायची ना?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. "मी अँड माय ब्रदर वेंट टू भुसावळ" असे लिहिणाऱ्याला मार बसत असे. पण मार कशासाठी, हे कोणी समजावले नाही, आणि त्यामुळे 'आय' तेवढा सभ्य आणि 'मी' गावंढळ असा समज मुलांच्या मनात कायमचा बसला.

त्यात उच्चाराची गंमत अशी की, मराठीत 'मी' हा कर्ता आहे, तर इंग्रजीत तसाच ऐकू येणारा 'मी' म्हणजे आपला 'मला'. कर्त्याच्या जागी आय, ही, शी, वी, दे ही रूपे येतात आणि कर्माच्या जागी अनुक्रमे मी, हिम, हर, अस, देम ही येतात. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही, कारण 'मी' आणि 'मला', 'तो' आणि 'त्याला' यांतला फरक आपण विचार न करता पाळतो. अहिराणीत 'माले', 'तुले', 'त्याले' म्हणणारे मूलही तो चुकत नाही. जुन्या इंग्रजीत नामांनाही अशा विभक्ती होत्या. त्या झिजून गेल्या आणि कर्ता-कर्माचा हा भेद मुख्यतः सर्वनामांत उरला. 'यू'मध्ये तोही उरला नाही: पूर्वी कर्त्यासाठी 'ये' आणि कर्मासाठी 'यू' होते, पुढे 'यू'नेच दोन्ही जागा घेतल्या.

मग 'मला' दिसला की 'मी' लिहावे, असा सोपा नियम करता येईल का? येणार नाही, आणि आपल्याकडची मुले नेमकी इथेच अडखळतात. "मला भरीत आवडते" हे वाक्य घ्या. मराठीत आवडणारी वस्तू, म्हणजे भरीत, कर्ता आहे आणि खाणारा चतुर्थीत बसला आहे. इंग्रजीत मात्र खाणाराच कर्ता होतो, म्हणून "आय लाइक भरीत". मला भूक लागली, मला ताप आला, मला ठाऊक आहे, मला जायचे आहे, या सगळ्या वाक्यांतला 'मला' इंग्रजीत सहसा 'आय' होतो. विशेष म्हणजे जुन्या इंग्रजीत 'लाइक'चे मूळ क्रियापद आपल्या 'आवडणे'सारखेच चालत असे. वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. पुढे इंग्रजीने ती रचना सोडली, आपण ठेवली. म्हणून मराठी प्रत्यय पाहू नका, इंग्रजी वाक्यातले क्रियापद शोधा. त्याच्या आधी बसून ते चालवणारा कर्ता, आणि त्याच्या पुढे बसून क्रिया झेलणारे कर्म.

दोन माणसे जोडीने आली की गोंधळ वाढतो, आणि त्यावर जोडीदाराला क्षणभर बाजूला करणे हा उपाय आहे. भावाच्या वाक्यातून 'माय ब्रदर ऑर' काढले तर "प्लीज कॉल आय" उरते, आणि ते कानालाच खटकते. भुसावळच्या वाक्यातून जोडीदार काढला तर "मी वेंट" उरते, तेही खटकते; तिथे "माय ब्रदर अँड आय" हवे. फॉर, विथ, टू, बिटवीन यांच्यानंतरही कर्माचेच रूप येते. "बिटवीन यू अँड आय" ही चूक तर शिकलेले इंग्रजही करतात, कारण छडीचा धाक तिकडेही कमी नसावा.

'हू' आणि 'हूम' यांचा निकाल उत्तरावरून लावावा. उत्तरात 'हिम' आला तर 'हूम', 'ही' आला तर 'हू'. बोलताना आता बहुतेक जण 'हू'च वापरतात, त्यामुळे एवढे अर्जात आणि परीक्षेत सांभाळले तरी पुरते.

एक जागा मात्र वादाची आहे. "इट इज" नंतर जुन्या व्याकरणाप्रमाणे 'आय' यायला हवे, कारण तिथे कर्म नाहीच. पण दार वाजवून "इट इज आय" म्हणणारा माणूस इंग्लंडातही अवघडलेला वाटेल. तिथले लोक सर्रास "इट्स मी" म्हणतात, आणि माझ्या मते आपणही तेच म्हणावे. अमळनेरला आमच्या घराची कडी वाजली की आजी आतून विचारते, "कोन शे?" बाहेरून उत्तर येते, "मी." दोन्ही भाषांतला 'मी' एकाच अर्थाने उभा राहतो, तो त्या दारात.