हृदयाचा ताल आणि पायांची चाल

श्रोतेहो, हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त ढकलू न शकणाऱ्या, रुग्णाला त्रास विचारला, तर तो बहुधा जिन्यावर लागणाऱ्या धापेबद्दल बोलतो. म्हणून पेसिंगच्या, म्हणजे उपकरणातून विजेचे संदेश देऊन हृदयाचे ठोके चालवण्याच्या, उपचाराकडे आज मी त्याच्या चालण्याच्या बाजूने पाहणार आहे.

यातल्या काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूच्या दुबळेपणात वेळेच्या घोटाळ्याची भर पडते. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा, झाला की विजेचा संदेश डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत उशिरा पोहोचतो. मधला पडदा आकुंचन पावून सैल होऊ लागतो तेव्हा कुठे समोरची भिंत जोर लावते, आणि रक्त पुढे ढकलण्याऐवजी बरेचसे बळ आतल्या आतच खर्ची पडते. ईसीजीवर हा उशीर रुंद क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांत संदेश पसरतानाच्या लहरीच्या) रूपाने दिसतो. सीआरटी, म्हणजे दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणाऱ्या, उपकरणाची एक तार उजव्या कप्प्यात असते, दुसरी कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या शिरेत नेलेली असते, आणि दोन्ही बाजूंना जवळपास एकाच वेळी संदेश मिळतो.

याचा चालण्यावर काय परिणाम होतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिरॅकल’ चाचणीने तपासले. ४५३ रुग्णांना उपकरण बसवले, पण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या एका गटात हे पेसिंग बंदच ठेवले. सहा महिन्यांनी, सहा मिनिटांत चाललेले अंतर पेसिंग सुरू असलेल्यांत ३९ मीटरने आणि बंद असलेल्यांत १० मीटरने वाढले होते. बंद यंत्रानेही थोडी वाढ दिसली, हे मला फार मोलाचे वाटते. तुलनेचा गट नसता तर आपण सगळे श्रेय पेसिंगला देऊन मोकळे झालो असतो. उरलेला फरक दिसायला लहान असला, तरी सुमारे ३०० मीटरवर थांबणाऱ्या माणसाला तो जाणवतो. पुढे २००५ मध्ये ‘केअर-एचएफ’ चाचणीत मृत्यूचे प्रमाणही घटलेले आढळले.

मात्र हा उपचार सरसकट नाही. पुरेशी औषधे देऊनही इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३५ टक्के किंवा त्याहून कमी आहे, डाव्या बाजूचा ब्लॉक आहे आणि क्यूआरएस १५० मिलिसेकंद किंवा अधिक रुंद आहे, अशांना सर्वाधिक लाभ होतो. अरुंद क्यूआरएस असलेल्यांना तो होत नाही, उलट अपाय होऊ शकतो.

आता पायांकडे येऊ. दीर्घ आजारात मांड्यांचे स्नायू झिजतात, प्राणवायू वापरण्याची त्यांची ताकद घटते, आणि ही उणीव कोणतीही तार भरून काढत नाही. त्यामुळे उपकरण बसल्यावर, जखम भरून आली की, देखरेखीखालचा व्यायाम सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तरीही धाप कमी झाली नाही, तर आधी उपकरण तपासावे: प्रत्यक्षात किती टक्के ठोके दोन्ही बाजूंनी दिले जात आहेत, एट्रियल फिब्रिलेशनमुळे, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित तालामुळे, त्यांत खंड पडतो आहे का, डावी तार जागेवर आहे का आणि चालताना ठोक्यांची गती पुरेशी वाढते का. रक्तक्षय आणि लोहाची कमतरताही त्याच भेटीत पाहून घ्यावी.