वाट कुणालाच ठाऊक नसते तेव्हा

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, 'कुटुंब आणि साहस'. तुमच्या डोळ्यांपुढे लगेच एव्हरेस्ट उभं राहिलं असेल. मी आज १६४६ मीटरच्या वर जाणार नाही. कळसूबाईची उंची तेवढी, आणि महाराष्ट्रात त्याहून उंच जायला जागाच नाही.

आपल्या घरात ज्याची त्याची कामं ठरून गेलेली असतात. रस्ता बाबांना माहीत, डबा आई भरणार, मोबाइल बिघडला की थोरल्याकडे, आणि धाकट्यानं 'मध्ये बोलू नकोस' एवढंच ऐकायचं. सहलीला गेलं तरी हेच. हल्ली तर टूरवाले लेहलासुद्धा वरणभात वाढतात. माझी ना नाही, दमलेल्या माणसानं जरूर जावं. पण तिथं घरातल्या कुणालाच काही ठरवावं लागत नाही. ज्या वाटेची घरात कुणालाच माहिती नाही, तिथं मात्र ही वाटणी मोडते. मला साहसाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी.

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून पहाटे निघा. शेतं संपली की चढ लागतो, पुढं कातळाला ठोकलेल्या लोखंडी शिड्या. तिथं थोडं थांबून बघा. ऑफिसात ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही असे गृहस्थ कठडा घट्ट धरून, मनातल्या मनात रामरक्षा म्हणत उभे असतात. वरून दहा वर्षांची लेक सांगते, "बाबा, आधी डावा पाय. आता हात सरकवा." आणि बाबा निमूटपणे ऐकतात! वर गेल्यावर अलंग, मदन, कुलंग हे गड दिसतात, भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. छानच दिसतं. मी मात्र त्या शिडीपाशीच रेंगाळतो. लेकीला बापाची भीती दिसली आणि बापानं ती लपवली नाही, हे दिवाणखान्यात कधी घडायचं?

आजीला तर लोक घरीच ठेवून निघतात. नवरात्रात जाऊन बघा म्हणावं. आसपासच्या गावांतल्या आज्या नऊवारी खोचून, साध्या चपलांत शिखरावरच्या कळसूबाई देवीची ओटी भरायला चढतात, आणि महागडे बूट घातलेले आपण कडेला सरून त्यांना वाट देतो. देवीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कळसू म्हणे एका घरी कामाला राहिली ती केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर. अट मोडली, तशी ती डोंगरावर निघून गेली. (हसताय काय? घरी जाऊन सांगा.)

आता नाजूक भाग. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांना नावं ठेवायला मी उभा नाही. पण ओढ्याचा स्वभाव आपण मुलांना शिकवत नाही, हे खरं. आपण उभे असतो तिथं पाऊस नसला तरी वर डोंगरात कोसळत असतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, की बाहेर. फोटो नाही, 'दोनच मिनिटं' नाही. आणि बरोबरच्या कुणीही, अगदी धाकट्यानंही, 'परत फिरूया' म्हटलं तर वाद घालायचा नाही. पाण्यातला बदल बऱ्याचदा त्यालाच आधी दिसतो, कारण तो पाण्याकडे बघत असतो.

डोंगर ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आपली एसटी आहे. 'आवडेल तेथे प्रवास'चा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो, मुलांना निम्म्या दरात. सात दिवसांचा काढा. स्टँडवर कुठली गाडी धरायची ते धाकट्याला ठरवू द्या, कंडक्टरला विचारायलाही त्यालाच पाठवा. तो पंढरपूर म्हणेल, नाहीतर थेट मालवण. मालवण म्हणाला तर दशम्या बांधून घ्या, गाडी पोचायला वेळ लागतो.